केशसंभाराचा कारभारी

केस वाढू देणे ही क्रिया वरकरणी निव्वळ आळसाची दिसते, कारण न्हाव्याकडे जावयाचे नाही, यापलीकडे तीत करण्यासारखे काही नसावे, असा आपला समज असतो. परंतु ज्याने हा उद्योग एकदा आरंभिला त्याचा दिनक्रम जवळून पाहण्याचा योग ज्यास आला आहे, तो सांगेल, की एखाद्या लहानशा संस्थानाची दिवाणगिरी पत्करणे त्याहून सोपे असावे. पुण्यात संगणकाच्या कचेऱ्या वाढल्या तसा हा दीर्घकेशी गृहस्थ अधूनमधून दिसू लागलाच होता. पण 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी होऊन केशकर्तनालयांना कुलपे लागली, तेव्हा या संप्रदायात, इच्छा असो वा नसो, सरसकट भरती झाली. जूनअखेर सरकारने दुकाने उघडण्याची परवानगी दिली, तीही केस कापण्यासारख्या मोजक्या कामांपुरतीच, दाढीस मनाई कायम ठेवून. आणि भरती झालेले बहुतेक लोक मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसले. जे बसले नाहीत त्यांपैकी एक आमच्या शेजारी राहतात. त्यांना आपण कारभारी म्हणू.

मनुष्याच्या डोक्यावरील केस महिन्याकाठी सुमारे सव्वा सेंटिमीटर, म्हणजे वर्षाकाठी जेमतेम पंधरा सेंटिमीटर वाढतो, आणि या दरात तेल, मंत्र वा मालिश यांपैकी कशानेही लक्षात येण्याजोगी वाढ होत नाही. सबब खांद्यापर्यंत पोचावयास दोन वर्षांची मुदत धरावी लागते. आणि त्या मुदतीच्या मध्यभागी एक असा दुष्काळी काळ येतो, की केस बांधू जावे तर हाती येत नाहीत आणि मोकळे सोडावे तर कानांवरून बाहेर वळून चेहऱ्याला नाटकातल्या विदूषकाची कळा आणतात. कारभाऱ्यांनी हा काळ टोपीखाली काढला. लग्नातही टोपी, वाढदिवसातही टोपी. नातलगांच्या चौकशीस मात्र टोपीचा उपयोग होत नाही. “पगार वेळेवर होतो ना रे?” असे काकांनी विचारले, “परवा मागून पाहिलं तर मला वाटलं सूनबाईच,” असे काकूंनी सांगितले, आणि पेट्रोलपंपावरील मुलाने पाठीमागून “मॅडम, कितीचं टाकू?” असे विचारताच कारभाऱ्यांनी घसा खाकरून, आपल्या नेहमीच्या आवाजाहून दोन पट्ट्या खालच्या आवाजात, “दोनशेचं,” असे उत्तर दिले.

वस्तुतः या नातलगांच्या पणजोबांस केस हा विषय याच्या नेमका उलट बाजूने छळीत होता. शेंडी आणि घेरा ठेवून बाकीचे डोके तासणे ही त्या काळच्या प्रतिष्ठितांची वहिवाट होती, आणि इंग्रजी शाळेत जाणारा जो मुलगा सगळ्या डोक्यावर केस राखून आखूड कातरून घेई, तो बाटण्याच्या मार्गास लागला, असे वडीलधारे समजत. आज जो आखूड भांग सभ्यतेचा दाखला म्हणून पुढे केला जातो, तो एके काळचा उघड बंडखोर आहे. हे सारे कारभाऱ्यांनी काकांस सांगून पाहिले. काका म्हणाले, “मग शेंडी ठेव.”

अशा वेळी त्यांना ते एक वाक्य सापडले, ज्याने पुढील दीड वर्ष त्यांचे संरक्षण केले. कचेरीतील वरिष्ठांनी केसांविषयी विचारले असता, काही सुचेना म्हणून, ते बोलून गेले, “नवस आहे.” वरिष्ठांचा चेहरा तत्काळ गंभीर झाला आणि प्रकरण दफ्तरी दाखल झाले. तेव्हापासून हा नास्तिक गृहस्थ, ज्याने देवळाच्या वर्गणीवरून सोसायटीच्या सभेत दोनदा वाद घातलेला आहे, नवसाच्या छत्रछायेखाली निर्धास्त वावरू लागला. व्यक्तिस्वातंत्र्य, सौंदर्यदृष्टी, पुरुषत्वाच्या संकुचित कल्पना या विषयांवर त्यांची जी व्याख्याने सिद्ध होती, ती कोणी ऐकून घेतली नाहीत. नवस हा शब्द मात्र एकालाही अपुरा वाटला नाही.

बाहेरचा शत्रू असा निवाला, तेव्हा अंतर्गत कारभार सुरू झाला. केस बांधण्याजोगे होताच कारभाऱ्यांनी ते भाजीच्या जुडीचा रबर लावून टाळूवर करकचून आवळले. कारण पुरुषाचा असा समज असतो, की जे घट्ट तेच सुरक्षित, आणि कचेरीत जो बुचडा हलत नाही तोच भारदस्त. संध्याकाळी कपाळ ठणकू लागले, आणि काही महिन्यांनी कानशिलांवरील केस विरळ होत आहेत असे आरशाने कळविले. सतत ताण पडला तर मुळे कमजोर होतात आणि फार काळ दुर्लक्ष केल्यास तेथे केस पुन्हा उगवतही नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ यास ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. कोल्हापूरच्या आत्यांस ते नाव ठाऊक नव्हते. त्या सुटीला आल्या, पुतण्याचे डोके पाहिले, आणि त्याला पाटावर बसवून म्हणाल्या, “अरे, केस बांधायचे असतात, चोर बांधल्यागत काय बांधलायस?” रबर कात्रीने कापून काढावा लागला, आणि त्यासोबत जे केस आले ते आत्यांनी त्याच्या तळहातावर, पुरावा म्हणून, ठेवले.

त्या आठवड्यात त्यांची रीतसर दीक्षा झाली. फणी मुळापासून न ओढता टोकाकडून गुंता सोडवीत वर न्यावयाची. ओला केस ताणला जातो आणि तुटतो, म्हणून पंच्याने खसाखसा पुसावयाचे नाही, नुसते टिपावयाचे. रात्री सैल तीनपेडी वेणी घालून निजावयाचे, आणि ओल्या केसांची वेणी घालावयाचीच नाही. टाळूबाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याचे टोक एकदा फाटले की सांधता येत नाही, आणि खांद्यावर रुळणाऱ्या टोकाने दोन पावसाळे पाहिलेले असतात, या गोष्टी कारभाऱ्यांना पुस्तकांतून कळल्या होत्या. त्यांवर काय करावे हे मात्र घरातील प्रत्येक स्त्रीला पूर्वीपासून अवगत होते आणि त्यांनी तिला विचारले नव्हते. खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी होते, हे दाखविणारा मुंबईच्याच संशोधकांचा 2003 सालचा निबंध त्यांनी आईस मोठ्या उत्साहाने वाचून दाखविला. आईने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “मग लहानपणी तेल लावायला घेतलं की पळायचास का?”

आता त्यांचा कारभार एवढा कडक आहे, की त्यापुढे आजीचे सोवळे ढिले वाटावे. उशीला सुती अभ्रा चालत नाही, सॅटिनचा लागतो, कारण सुतावर केस घासतो; तो अभ्रा घेऊनच ते परगावी जातात आणि यजमानांची अडचण करतात. टाळूवरील बुचडा हेल्मेटात मावेना, म्हणून वेणी मानेशी उतरली. ज्या शहराने हेल्मेटाविरुद्ध मोर्चे काढले, तेथे एक नागरिक केवळ केशरचनेच्या सोयीने ते सक्तीविना वापरू लागला, याची वाहतूक शाखेने नोंद घ्यावयास हवी होती. कचेरीतील एका सरदारजींशी त्यांची दाट मैत्री झाली आहे. ज्या पंथात 1699 पासून केश आणि कंगा यांची जोडी धर्माज्ञेने चालत आली, तेथे दोन वेळा केस विंचरून जुडा बांधणे म्हणजे दात घासण्याइतकी साधी बाब. त्यामुळे कारभाऱ्यांच्या धीरोदात्त कथा ऐकताना सरदारजींच्या मुद्रेवर सौजन्यापलीकडे काही उमटत नाही.

आत्मविश्वास मात्र आला, हे कबूल केले पाहिजे. माझ्या मते तो केसांच्या लांबीतून आला नाही; रोज सकाळी अर्धा तास कोणत्या तरी गोष्टीची चिकाटीने निगा राखणाऱ्या मनुष्याला जी एक स्थिरता येते, ती ही असावी. टोपी गेली. पेट्रोलपंपावर आजही “मॅडम” ऐकू येते, आणि आता ते घसा न खाकरता आपल्या मूळच्या, किंचित बारीक आवाजात, “दोनशेचं,” म्हणतात.

गेल्या महिन्यात मात्र आत्यांचा दूरध्वनी आला. नवसाची वार्ता काकांमार्फत कोल्हापुरास पोचली होती, देव कोणता हे कोणी विचारले नसल्यामुळे आत्यांनी तो तिरुपतीचा बालाजी ठरविला होता, आणि हरिप्रिया एक्सप्रेसची चार तिकिटे काढून त्या मोकळ्या झाल्या होत्या. “कल्याणकट्ट्यावर केस द्यायचे, दर्शन घ्यायचं, आणि परत येऊन अंबाबाईला जायचं. देवाचं देणं फार दिवस ठेवू नये, बाळा.” कारभाऱ्यांनी तहकुबी मागितली, ती नामंजूर झाली, कचेरीत रजा नाही म्हणाले, तर आत्यांनी तिकिटे शनिवार-रविवार जोडून काढलेली निघाली, नवस बोललोच नव्हतो, हे सांगण्याचा धीर त्यांना दोन वर्षांत कमावलेल्या साऱ्या आत्मविश्वासानेही दिला नाही. अखेर त्यांनी बरीच चौकशी करून असे शोधून काढले, की तेथे सगळ्या स्त्रिया काही मुंडन करीत नाहीत, कित्येकजणी केसांच्या दोन-तीन बटा कातरून अर्पण करतात आणि नवस फिटतो.

“ते बायकांसाठी असतंय,” आत्या म्हणाल्या.

“मागून पाहिलं तर काकूंनाही कळलं नव्हतं,” कारभारी म्हणाले, “तुम्ही फक्त मला रांगेत पाठमोरा उभा करा.”