मिसिंगवाले नाना

"गाडी मिसिंग मारतेय" हे वाक्य सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोठ्याने बोलू नये. बोललात, की दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची सरकते आणि वरून प्रश्न येतो, "थंड असताना की गरम झाल्यावर?"

हे नाना. थोड्याफार फरकाने प्रत्येक सोसायटीत एक असतातच. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे भाऊ. मूळचे मेकॅनिक मात्र ते कधीच नसतात. आमचे नाना बँकेतून निवृत्त झाले. गॅरेजशी त्यांचा संबंध गिऱ्हाईक म्हणून, आणि तोही भांडणापुरता. खाली उतरतात ते हातात साडीच्या दुकानाची कापडी पिशवी घेऊन. तिच्यात प्लगपाना, फिलर गेज, जुना टूथब्रश, पॉलिशपेपर आणि पेट्रोलचा वास मारणारा अर्धा बनियन.

तुम्ही लग्नाला निघालेले असता, बायको आहेराचं पाकीट घेऊन गाडीत बसलेली असते. नाना बॉनेटवर हात ठेवून चौकशी सुरू करतात. मिसिंग उभ्या गाडीत येतं की चढावर? पेट्रोल कुठल्या पंपावर भरलं? परवाच्या पावसात गाडी उघड्यावर होती का? चिडू नका, प्रश्न एकही वायफळ नाही. गरम झाल्यावरच ठोके चुकत असतील तर कॉइलवर संशय, चढावर दम तुटत असेल तर प्लग किंवा कॉइल, आणि नुसत्या आयडलला थरथर असेल तर कुठलीतरी रबरी नळी फाटून हवा ओढत असण्याचा संभव. प्रश्न बरोबरच असतात. फक्त तिकडे मुहूर्त टळतो.

मग ऐकणं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला. डोळे मिटून, मान किंचित कलती, सवाई गंधर्वला पुढच्या रांगेत बसल्यासारखे. "रेस कर. सोड. अहो, इतकी नाही!" इंजेक्टरची टिकटिक प्रत्येक सिलिंडरवर ऐकू आली, की त्यांचा चेहरा खुलतो. एवढ्यात निदान झालेलं त्यांना परवडत नाही.

नानांची खरी हयात गेली ती कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीबरोबर. तिच्यात चार सिलिंडर, एक डिस्ट्रिब्यूटर आणि दर पावसाळ्यात त्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत दमट हवा. नाना टोपी काढून बनियनने कोरडी पुसत, पॉइंट पॉलिशपेपरने घासत, मग रात्री अंधारात बॉनेट उघडून वायरींवरून निळ्या ठिणग्या पळताहेत का ते बघत. एकेक वायर उपटायची. जी उपटून इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तिचा सिलिंडर मेलेला. वायर धरायला शेजारचा पोरगा. वायरीतून हजारो व्होल्ट जात असत, पण नाना म्हणत, "करंट नाही रे तो, झिणझिण्या." पद्मिनीची फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. नानांच्या एटीएमचा पिनही तोच आहे, हे वॉचमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

आता मुलाने त्यांना ब्लूटूथवाला स्कॅनर आणून दिलाय. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खुपसला, की मोबाइलवर उत्तर येतं: पी 0302. म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसफायर करतोय. काम क्षणात संपतं, आणि नानांचं दुखणं नेमकं तिथेच आहे. म्हणून ते मोबाइल पालथा करून खिशात ठेवतात, आधी कानाने निकाल देतात आणि मग म्हणतात, "आता बघू, यंत्राला कळतंय का."

यंत्राला कोणता सिलिंडर ते कळतं, का ते कळत नाही. नाना अजून बेकार झाले नाहीत ते यामुळेच. पुढची रीत त्यांच्याकडून शिकावी. दहा नंबरचा बोल्ट सोडून दोनची कॉइल एकला लावायची, एकची दोनला. कोड पुसायचा, गल्लीत फेरी मारायची. आता 0301 आला तर दुखणं कॉइलबरोबर सरकलं, कॉइल बदला. 0302 च राहिला तर तसाच खेळ प्लगचा, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. एका सर्व्हिस सेंटरने याच तक्रारीवर सगळ्या कॉइल, सगळे प्लग, इंजेक्टर क्लीनिंग आणि वर एसीचं निर्जंतुकीकरण असं एस्टिमेट दिलं होतं, तेव्हा नाना ते जिन्यात मोठ्याने वाचून दाखवत होते. या बाबतीत मी पूर्ण नानांच्या बाजूचा. मधेच तो दहा नंबरचा बोल्ट हातातून निसटतो, खणकन वाजतो आणि खालच्या ट्रेमध्ये नाहीसा होतो. अर्धी सोसायटी मोबाइलचे टॉर्च लावून वाकते. ते नानांच्या बाजूचं नाही, पण चालायचंच.

काढलेला प्लग परत मागू नये. तो नानांच्या गॅलरीत जातो. तिथे मुखवासाच्या डब्यात फ्लॅट नंबरची चिठ्ठी लावलेले प्लग आहेत आणि ते बघून नाना घरांविषयी मतं बनवतात. तपकिरी, कोरडा: सज्जन माणूस. काजळीने काळा: पोराला शाळेत सोडायला अर्धा किलोमीटर गाडी काढतात, इंजिन तापूच देत नाहीत. तेलाने ओला: रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेली, लवकरच गाडी विकायला काढतील, घेऊ नका. काकूंचं मत या डब्याबद्दल वेगळं आहे आणि दाराच्या मुठीवरच्या ग्रीसबद्दल तर फारच स्पष्ट आहे.

एवढं करून कित्येकदा, विशेषतः श्रावणात, निघतं काय? उंदीर. कॉइलची वायर कुरतडलेली, तांबं उघडं पडलेलं. वायर जोडून टेप गुंडाळली की गाडी सुरळीत. मालक खूश होतो, नाना मात्र गप्प गप्प पिशवी आवरतात. उंदीर हे कारण त्यांना कमीपणाचं वाटतं. "हे कुणालाही सापडलं असतं," म्हणतात.

तेव्हा वाचकहो, नानांचा एक नियम कागदावर लिहून गाडीत ठेवा. इंजिनाचा पिवळा दिवा नुसता पेटून राहिला, तर सावकाश गॅरेज गाठा. लुकलुकत असेल तर बाजूला घेऊन जागीच बंद करा. न जळलेलं पेट्रोल मागे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो वितळला की येणाऱ्या खर्चापुढे कॉइल फुकट वाटते. आणि घाई असेल तर पार्किंगमध्ये बॉनेट उघडू नका. गुपचूप फाटकाबाहेर जा आणि रिक्षा करा.