त्रेसष्ट टक्केवाले मामा

प्रस्तुत लेखकाचा जळगावात थोडा दरारा आहे, असं निदान त्याचं स्वतःचं मत आहे. कारण एवढंच, की तो काहीही टक्क्यांत सांगतो. ‘आज दिवे जाण्याची शक्यता ६३ टक्के.’ पासष्ट म्हटलं की लोक अंदाज समजतात, त्रेसष्ट म्हटलं की गणित! सुटीला पारोळ्याकडून आलेल्या सातवीतल्या भाचीनं मात्र विचारलं, “बासष्ट का नाही?”

मग संभाव्यता शिकवणं आलंच. नाणं आणि फासे मामांनी बाद केले. पत्त्यांचं शिक्षण गणपतीच्या मांडवात आपोआप होतं. घरात वांगी होती. टोपलीत १० वांगी, त्यांतली ३ किडकी. डोळे मिटून उचललेलं किडकं निघण्याची संभाव्यता ३ भागिले १०, गुणिले १००, म्हणजे ३० टक्के. ते किडकं फेकलं, की पुढच्या खेपेला २ भागिले ९, साधारण २२ टक्के.

पण वांग्याचा विषय निघाला आणि मामा गणितातून उठले. भरिताचं वांगं म्हणजे आसोदा-बामणोदकडचं, हिरवं, पांढऱ्या रेघांचं. जांभळं आणणाऱ्याशी बोलू नये. ते कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, लाकडी बडगीत हिरव्या मिरचीसकट ठेचायचं, वर कांद्याची पात, शेंगदाणे, आणि पानात कळण्याची पुरी हवीच. गॅसवर भाजलेलं भरीत चांगलं लागण्याची संभाव्यता शून्य. आणि शून्य हा संभाव्यतेत अगदी रीतसर आकडा आहे.

भाचीनं वहीत लिहिलं : अशक्य ० टक्के, नक्की १०० टक्के. मग म्हणाली, “तर मग १०६ टक्के पाऊस कसा?”

एप्रिल २०२४ मध्ये हवामान विभागानं तसं सांगितलं होतं खरं. पण ती संभाव्यता नव्हे. देशाची मोसमी सरासरी ८७ सेंटिमीटर, तिच्या १०६ टक्के पाऊस, असा तो अंदाज. त्याच अंदाजात खऱ्या संभाव्यताही होत्या : तुटीचा पाऊस २ टक्के, सरासरीहून कमी ८, सरासरीइतका २९, जास्त ३१, खूपच जास्त ३०. मथळ्यात गेला तो १०६. दोन जातींचे टक्के एकाच ठशात छापायचे आणि पोरांना गणित येत नाही म्हणून ओरडायचं, याचा मामांना मनापासून राग आहे.

त्या वर्षी पाऊस १०८ टक्के पडला. पण तो देशाचा. भाचीच्या घरी कोरडवाहू कापूस, आणि दुबार पेरणी म्हणजे काय, हे तिला शाळेत शिकवावं लागलेलं नाही. तिनं विचारलं, “मामा, आमना वावरमा कितला टक्का?” रोजच्या अंदाजातलं ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस, त्यात तिचं वावर आहे की नाही, ते त्यातून कळत नाही. त्रेसष्टवाल्या मामांकडे यावर एकही आकडा नव्हता.

सातवीच्या गुरुजींनी पत्ते बाजूला ठेवून ते पाच आकडे फळ्यावर लिहावेत, आणि टक्का दिसला की ‘कशाचा?’ असं विचारायची सवय पोरांना लावावी. २, ८, २९, ३१, ३०. बेरीज १०० येते.