‘तेल म्हणजे तेल’ म्हणणाऱ्या शेठना खुलं पत्र

शेठ,



तुमची तब्येत ठणठणीत असेल, गल्लाही बरा भरत असेल. आमच्या बोटीच्या मोटारीचं तसं नाही. ती सध्या मेकॅनिकच्या बाकावर हेड उघडून पडली आहे आणि तिच्या वतीने तुमचे आभार मानायचं काम माझ्याकडे आलं आहे.

तुमच्याकडे गिऱ्हाइकांची रीघ असते, म्हणून आठवण देतो. अनंत चतुर्दशी तोंडावर आली होती. मेहरूण तलावावर विसर्जनाला हाताशी असावी म्हणून आमच्या पोहणाऱ्या पोरांची रबरी बोट तयार करायची होती. मोटार जुनी, २५ हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. मी बोटीचं तेल मागितलं, तर तुम्ही आधी ‘बोट?’ म्हणून मनसोक्त हसून घेतलंत. हसा, जळगावात बोटीचं तेल मागणारा माणूस उन्हाने बहकलेलाच वाटणार. मग कोपऱ्यातल्या बिनलेबलाच्या कॅनमधून नरसाळ्याने लालभडक तेल ओतून दिलंत. मी खूण विचारली, तर म्हणालात, ‘लाल आहे म्हणजे टू-टीच आहे. तेल म्हणजे तेल भो, इंजिनला काय कळतंय?’

कळलं, शेठ. तलावाच्या मधोमध कळलं. मोटार आधी खोकली, मग एकाच सिलिंडरवर लंगडली, मग गप्प. वल्ही मारत काठाला आलो. प्लग खोलला तर दोन टोकांमधली फट राखेच्या राखाडी तारेने सांधलेली, ठिणगी पडायला जागाच नाही. पिस्टनच्या माथ्यावर तसाच खरखरीत थर. वरची रिंग खाचेत इतकी घट्ट बसलेली की मेकॅनिकने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावून पाहिलं, तरी ती हलेना. त्याने वर मान करून मला एकच विचारलं, ‘कुठून आणलं?’ तुमचं नाव मी सांगितलं नाही. एवढा लोभ आहे.

आता ही राख कुठून आली, हे तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला सांगायचं म्हणजे आगाऊपणाच, पण सांगतो. स्कूटरचं टू-स्ट्रोक इंजिन वाऱ्यावर थंड होतं, म्हणजे फारसं होत नाहीच. त्या भट्टीतली काजळी धुऊन निघावी म्हणून स्कूटरच्या तेलात धातूंची संयुगं घालतात, आणि ती जळली की राख उरते. बोटीची मोटार तलावाचंच पाणी खालून पंपाने ओढून सिलिंडरभोवती फिरवते. ती त्यामानाने गार चालते, त्यामुळे तिच्यात ही राख झडून जात नाही, साचत राहते. त्यात बोटीला ना सिग्नल, ना उतार. मूठ पिळली की मिनिटाला पाच-पाच हजार फेरे, तेही बराच वेळ. साचलेला थर निखाऱ्यासारखा तापला की ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतो आणि पिस्टनला भोकसुद्धा पाडतो.

म्हणून बोटीच्या टू-स्ट्रोकसाठी राख न उरणारं तेल वेगळं बनवतात. त्याच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असं छापलेलं असतं. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनची ही खूण, आणि चाचण्यांत उतरल्याशिवाय ती तेलाला मिळत नाही. जासो एफसी, एफडी लिहिलेला डबा कितीही भारी असो, तो स्कूटरचा. तुमच्या कॅनवर तर तेवढंही नव्हतं. राहिला लाल रंग, तर तो तेलात टाकलेला डाय आहे. कोणी निळा टाकतं, कोणी हिरवा. तुमच्या घरी वांग्याच्या भरितावर कोणी एरंडेल ओतलं, तर ‘तेलच आहे ना’ म्हणून तुम्ही ताट चाटूनपुसून संपवाल का?

‘थोडं सढळ हाताने टाका, इंजिन खूश राहील,’ हा सल्ला तुम्ही फुकट दिला होता. मोटारीच्या पुस्तकात ५० ला १ लिहिलं आहे, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली तेल. मी पुस्तकावर गेलो, म्हणून थोडक्यात निभावलं. दुप्पट तेल घातलं की तेवढं पेट्रोल कमी जातं, मिश्रण हवेच्या मानाने पातळ पडतं, प्लग काळे होतात आणि धूर वाढतो. तसा धूर होताच. तलावाला फेऱ्या मारायला आलेली मंडळी नाकाला रुमाल लावून चालत होती. या मोटारीचा धूर पंख्याजवळून पाण्यातच सुटतो, त्यामुळे न जळलेलं तेल थेट मेहरूणमध्ये उतरलं आणि पाण्यावर रंगीत तवंग पसरला. एका पोराने कौतुकाने त्याचा फोटोही काढला. या टू-टी तेलाच्या पुरवठ्याला शिस्त लागावी म्हणून केंद्र सरकारने १९९८ साली खास आदेश काढला होता. तुमच्या कोपऱ्यातल्या कॅनपर्यंत तो पोचायला अजून सवड झाली नसावी.

निघताना तुम्ही म्हणालात, ‘पुढच्या साली फोर-स्ट्रोक घ्या, बाइकचं २०डब्ल्यू-४० घाला, झंझट मिटली.’ शेठ, बाइकचा क्लच तेलात भिजत असतो आणि तिचं तेल त्या क्लचच्या प्लेटा घसरू नयेत याचा विचार करून बनवतात. बोटीच्या मोटारीत तसा क्लचच नाही. तिचा त्रास निराळा: पाण्याचा दमटपणा, गंज आणि थंड इंजिनात तेलात उतरणारं पेट्रोल. त्यासाठी एफसी-डब्ल्यू खुणेचं तेल असतं, ज्याची गंजाची परीक्षा वेगळी घेतात. घट्टपणा पुस्तकात दिलेला असतो, बहुधा १०डब्ल्यू-३०. शंभर तास किंवा एक वर्ष, जे आधी भरेल तेव्हा तेल बदलायचं. खालच्या गिअरचं तेल मी तुम्हाला विचारलंच नाही. हिंमत झाली नाही.

आमचं काय, तलाव छोटा, वल्ही होती. पण धुळ्याला राज्य आपत्ती प्रतिसाद दल आहे, पुरात त्यांची बोट एका हाकेला सुरू व्हावी लागते. नंदुरबारकडे अक्कलकुवा-धडगावच्या नर्मदाकाठच्या पाड्यांवर आजारी माणसाला बोटीतूनच आणावं लागतं, आणि ते पात्र वल्ही मारून पार होणारं नाही. तिथे कधी जाणं झालंच तर तुमचं ‘तेल म्हणजे तेल’ कृपा करून घरी ठेवून जा.

वाचकांना विनंती: बोटीचं तेल घेताना मोटारीचं पुस्तक सोबत न्या, सीलबंद डबाच घ्या, त्यावरची खूण स्वतः वाचा आणि ती दाखवा म्हटल्यावर जो दुकानदार हसेल त्याच्या दुकानातून परत फिरा.

आणि शेठ, तो कॅन गटारात ओतू नका, टाकाऊ तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्या. दोन रिंगा, दोन प्लग, गॅस्केट आणि मजुरीचं बिल सोबत जोडलं आहे. पैसे रोख चालतील.

कळावे, लोभ असावा.

आपलं माजी गिऱ्हाईक,
मेहरूण, जळगाव