किलोभर लिटर

दूध लिटरने येतं, साखर किलोने येते. तेल मात्र आमच्याकडे किलोने मागवलं जातं आणि लिटरने येतं. "येताना किलोभर तेल आणा," असं ही सांगते, मी १ लिटरची पिशवी आणतो, आणि या गैरसमजावर आमचा संसार पंचवीस वर्षं सुखाने चालला आहे.

गेल्या दिवाळीत माशी शिंकली. पलीकडच्या गल्लीत तेलाचा डबा नेहमीच्या दुकानापेक्षा २०० रुपयांनी स्वस्त आहे, असा शोध मला लागला. डबा घेतला, रिक्षा केली, तीन जिने चढलो आणि गड सर केल्याच्या थाटात तो ओट्याखाली ठेवला. हिने चष्मा लावून डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं.

"अहो, हा १५ लिटरचा आहे. आपला १५ किलोचा असतो."

"मग? एकच की!"

"एकच कसं? तेल पाण्यापेक्षा हलकं. उगाच तरंगते का तुमच्या मिसळीवर तर्री?"

विज्ञान मिसळीतून शिकवलं की मला चटकन कळतं. १ लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे माझ्या डब्यात तेल होतं १३ किलो ६५० ग्रॅम. किलोला १६० रुपये धरले, तर २०० रुपये वाचवण्यासाठी मी २१६ रुपयांचं तेल दुकानातच सोडून आलो होतो. रिक्षा वेगळी.

"उचलताना हलका नाही लागला?" हिने विचारलं. तीन जिने चढल्यावर हलकं फक्त डोकं लागतं, हे मी बोललो नाही.

"शेर होता तेव्हा असले घोळ नव्हते," आई चकलीची भाजणी चाळता चाळता म्हणाली. खरं तर तेव्हा घोळ दुप्पट होते. शेर वजनाचाही असे आणि मापाचाही. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅमचा. मापाचा शेर गावागणिक वेगळा. १९५८ पासून देशात किलो यायला लागला आणि शेर हळूहळू गेला. पण १९५८ नंतर आलेलं काहीच आईला फारसं पटलेलं नाही. त्यात मीही आलो.

मग मी हट्टाला पेटलो आणि वाचत सुटलो. तेल तापलं की फुगतं. सोयाबीनचं १ लिटर तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतं, तर ६० अंशांना ८९३ च्या आसपास. काही कंपन्या पिशवीवर लिटरच्या शेजारी बारीक अक्षरात ६० अंश छापत. एवढं तापलेलं तेल पिशवीतून घरी नेतो कोण? शेवटी २०२२ मध्ये सरकारने त्यांना सांगितलं, की तापमान वगळा, आणि लिटरसोबत वजनही छापा.

एवढी विद्या कमावली आणि माझा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल, बस्स." घरात आम्ही चौघं, म्हणजे २ लिटर. मी घरी येऊन निरोप घरच्या भाषेत दिला, "डॉक्टरांनी २ किलो सांगितलंय." आणि या वेळी खरोखर वजनाने २ किलो तेल आणलं. ते भरतं जवळजवळ २ लिटर २०० मिलिलिटर. पंचवीस वर्षांत तो गैरसमज पहिल्यांदाच माझ्या बाजूने झुकला होता. वरच्या २०० मिलिलिटरमध्ये कांदाभजीचे दोन घाणे निघाले. कायदेशीर.

पुढच्या खेपेला मी हा हिशेब डॉक्टरांना मोठ्या हौसेने समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि मला वजनकाट्यावर उभं केलं. काटा बघून म्हणाले,

"माणूस जवळपास पाण्याइतकाच जड असतो. तेव्हा इथे किलो धरा नाहीतर लिटर, आकडा हाच येणार."