कंपेरभाऊ

गावोगावी एक तरी कंपेरभाऊ असतोच. आमच्या पाचोऱ्यात शोधलेत तर चार-पाच निघतील, पण त्यातला अस्सल तो, जो रोज सकाळच्या गाडीने जळगावला अप-डाऊन करतो. चाळिशीचा, पगारदार, शिवारात तीन एकर कोरडवाहू आणि मोबाइलात दोन इअरबड्सचे फोटो. दोनच. तिसरा सुचवलात तर तो तुमच्याकडे दयेने बघतो, कारण तिसरा त्याने मागच्या दिवाळीतच बाद केलेला असतो.

सध्या अंतिम सामना बोटचे एअरडोप्स 141 आणि वनप्लसचे नॉर्ड बड्स 2 यांच्यात आहे. हे ‘सध्या’ 2023 पासून चालू आहे. एक 42 तास चालतो म्हणतात, दुसरा 36. मधले सहा तास कंपेरभाऊच्या जिवाला लागलेत. “सहा तास म्हणजे पाचोऱ्याहून मुंबई झाली ना भो!” आता हे आकडे डबीसकटचे असतात. कानातली जोडी पाच-सहा तासांत दमते आणि चार्ज व्हायला डबीत जाऊन बसते, हे त्याला माहीत आहे. आपला प्रवास पाऊण तासाचा आहे, हेही माहीत आहे. पण घ्यायचं तर पूर्ण चौकशी करून, हा त्याचा बाणा. 42 वर मन बसतं न बसतं तोच त्याला आठवतं की दुसऱ्यात आवाज काढणारा ड्रायव्हर 12.4 मिलिमीटरचा आहे आणि पहिल्यात 8 चा. झालं, पुन्हा पहिल्यापासून.

त्यात नॉर्डमध्ये बाहेरचा आवाज दाबायची सोय, 25 डेसिबलपर्यंत. तिची परीक्षा त्याने गाडीतच घेतली. कॉलेजला जाणाऱ्या एका पोराचे बड्स मागून घेतले, शर्टाला पुसून कानात घातले आणि डोळे मिटून बसला. चाकांची घरघर विझली, पंख्याचा आवाजही गेला. कंपेरभाऊच्या चेहऱ्यावर समाधी उतरली. तेवढ्यात भेळवाला ओरडला, तो थेट मेंदूत. मागोमाग पत्ते कुटणाऱ्या मंडळींचं भांडणही जसंच्या तसं आत आलं. पोराने समजावलं, “काका, माइक बाहेरचा आवाज पकडतो, चिप त्याच्या बरोब्बर उलटी लाट सोडते, दोन्ही एकमेकींना खातात. पण आवाज एकसुरी पाहिजे. माणूस एकदम ओरडला तर नाही जमत.” कंपेरभाऊने वहीत नोंद केली : ‘गाडीसाठी चांगला. प्रवाशांसाठी नाही.’ (नॅरोगेजची पाचोरा-जामनेर गाडी, आमची पीजे, असती तर जामनेरपर्यंत निवांत चाचणी झाली असती. 56 किलोमीटरला तिलाही घाई नसायची. पण ती 2020 च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच.)

वही आहे, हो. निळ्या पुठ्ठ्याची, मधोमध उभी रेघ मारलेली. त्याच वहीत त्याने हेडफोनवाल्या बोस कंपनीच्या अमर बोस यांची कथा उतरवून ठेवली आहे. 1978 साली झ्युरिकहून परतताना बोस विमानात हेडफोन लावून बसले, इंजिनाच्या आवाजापुढे गाणं काही ऐकू येईना, म्हणून त्यांनी तिथेच कागद काढून हा आवाज कसा मारता येईल याचं गणित मांडायला घेतलं. वैमानिकांसाठीचा हेडसेट विक्रीला आला 1989 मध्ये. उशिराबद्दल कुणी टोकलं की कंपेरभाऊ ही तारीख पुढे करतो. “त्या माणसाला अकरा वर्षं लागली. मी तर अजून सुरुवातीला आहे.”

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये त्याला दुरून येताना बघून दुकानदार चहा सांगत नाहीत. चहा संपला तरी हा संपत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. “पाणी चालतं का याला?” “चालतं भाऊ, शिंतोडे चालतात.” “शिंतोडे म्हणजे कोणत्या दिशेने?” एका दुकानदाराने हात जोडून दोन्ही डब्या त्याच्या हातात ठेवल्या आणि म्हणाला, एक घरी घेऊन जा, पैसे नंतर द्या. कंपेरभाऊ दचकून दोन पावलं मागे सरला. ऑनलाइन सेलच्या दिवसांत तो माल टोपलीत टाकून ठेवतो, मध्यरात्री भाव दोनशेने उतरलेला बघतो आणि ‘अजून उतरेल’ म्हणून झोपतो. सकाळी भाव पूर्ववत. मग दिवसभर तो बाजारातल्या लबाडीवर बोलतो.

याच माणसाला मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रात बघा. बीटी कापसाच्या पाकिटाचा कमाल भाव सरकार ठरवून देतं, पण वाण कोणतं घ्यायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि सगळं वर्ष त्यावर असतं. तिथे कंपेरभाऊ विचारतो, “यंदा काय चालू राह्यलं?” दुकानदार बोट दाखवतो आणि हा सहा पाकिटं पिशवीत टाकून दहा मिनिटांत बाहेर. तीन एकर कपाशी दुकानदाराच्या बोटावर, आणि दीड-दोन हजारांचे बड्स मात्र वहीशिवाय नाहीत! मला यात वेडेपणा वाटत नाही. शेतीत कितीही तुलना केली तरी शेवटी पाऊस ठरवतो, हे तो लहानपणापासून बघत आलाय. इथे निदान मिलिमीटर तरी आपल्या हातात आहेत.

आईचा धीर मात्र सुटला. परवा ती ओट्यावरून ओरडली, “हाई लि ले नहीतं ते लि ले, पन काईतरी लि ले!”

तो घेणार नाही. त्याच्या सल्ल्याने गाडीतल्या निम्म्या डब्याने बड्स घेतले, काहींचे हरवूनही झाले. त्याच्या स्वतःच्या कानात वायरवालाच आहे, तोही एका बाजूने मुका. बड्स घेतले तर उद्यापासून त्याला विचारायला कोण येणार? गाडीत त्याच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवतात ती त्या वहीसाठी.

तुम्हाला घ्यायचे असतील तर दुकानातच कानात घाला, रबराच्या लहानमोठ्या टोप्या बदलून बघा, मान जोरात हलवा, घरी एक फोन लावून आपला आवाज नीट जातो का विचारा आणि पैसे देऊन बाहेर पडा. वाटेत कंपेरभाऊ भेटला तर डबी दाखवू नका. दुसरा घ्यायला हवा होता, असंच तो म्हणेल.