रेल्वेतील पूर्वजाचा शोध : एक जाबता

मिरजेजवळच्या कुपवाडातील ज्या घराण्यास आपले आजोबा ‘रेल्वेत होते’ यापलीकडे काहीही ठाऊक नाही, आणि याहून अधिक विचारताच ज्या घरातील वडीलधारी मंडळी एकाएकी सुपारी कातरण्यात गढून जातात, त्या घराण्याच्या सोयीसाठी हा जाबता सिद्ध केला आहे.

कलम १. प्रथम मजकूर इसमाचा धनी निश्चित करावा. १९२७ नंतर मिरजेत मीटर गेजचे रूळ मद्रास अँड सदर्न मराठा कंपनीचे, तर अडीच फुटी रूळ बार्शी लाईट कंपनीचे. सबब पहिलीच्या चाकरासाठी हुबळीकडे व दुसरीच्या चाकरासाठी कुर्डुवाडीकडे तोंड करावे. पहिली १९५१ साली दक्षिण रेल्वेत आणि दुसरी १९५४ साली मध्य रेल्वेत विलीन झाली, एवढ्यावरून आजोबांनी नोकरी सोडली असा निष्कर्ष काढू नये. आजोबा जागचे हलले नव्हते, धनी हलले होते.

कलम २. आडनावावर विसंबू नये. कुपवाडचा मनुष्य कुपवाडात कधीच ‘कुपवाडकर’ नसतो. ते वैभव त्यास हुबळीच्या चाळीत प्राप्त होते, आणि रजेवर गावी येताच पोरे त्यास ‘हुबळीकर’ म्हणू लागतात. सबब हजेरीपत्रकात एक, फेरफारात दुसरा आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत तिसरा, असे तीन इसम आढळल्यास त्यांच्यात वाटणीचा दावा लावण्यापूर्वी तिघांच्या वडिलांचे नाव ताडून पाहावे.

कलम ३. पासाच्या अर्जातील कुटुंब हा वंशवृक्षाचा पुरावा मानू नये. उन्हाळी सुट्टी लागली की पुतणे पुत्रपदास चढत आणि शाळा उघडताच पूर्वपदावर येत.

कलम ४. सर्व दप्तरे थकल्यावर माळ्यावर चढावे. तेथे पोत्यात गुंडाळलेला हातदिवा असतो. त्याची काजळी अंगठ्याने पुसावी म्हणजे पत्र्यावर ठोकलेली ‘एम. एस. एम.’ ही अक्षरे उमटतात, हिरवी काच शाबूत दिसते आणि तांबडीच्या जागी नुसती खाच. तो दिवा निमूटपणे आत्याबाईंसमोर ठेवावा. त्या अडकित्ता खाली ठेवतात आणि म्हणतात, “तांबडी माझ्या हातून फुटली. दादा काही बोलले नाहीत.”

हा जबाब कोणत्याही कचेरीत रुजू होणार नाही. तथापि सुपारीचे ताट बाजूस सरकले आहे; कागद-पेन्सिल घेऊन आता बसावे.