येत्या जूनला

कुर्डूवाडीसारख्या जंक्शनच्या गावात असा एक गृहस्थ असतोच. तो कायम निघालेला असतो. गाव त्याला 'पुणेकर' म्हणतं. पुण्यात तो सलग चार दिवसही राहिलेला नसतो; पण हडपसरला फ्लॅटचा दर काय, वाकडला पाणी नळाचं की टँकरचं, सगळं तोंडपाठ. स्वतःचं घर मात्र गळतं. पत्र्याला भोक पडलं तिथं त्यानं सिमेंटच्या रिकाम्या पोत्याची घडी घालून वर वीट ठेवलीय. "येत्या जूनला जायचंच आहे, इथं कशाला पैसे घाला?" जून अशासाठी, की पोरांच्या शाळा तेव्हा सुरू होतात. "तुमचा जून यायच्या आधी पाऊस घरात येतो," इति बायको. वीट ठेवली तेव्हा थोरला पहिलीत होता. आता तो वाकडला नोकरी करतो.

सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसला हा इस्त्रीचे कपडे घालून फलाटावर हजर. कुणाला सोडायचं नसतं, कुणी यायचं नसतं. पण कुठला डबा कुठं लागतो हे हमालाआधी हा सांगणार. "पुण्याला जाताना डावी खिडकी धरा, ऊन लागत नाही." सल्ला अगदी ठाम असतो, हे कबूल केलं पाहिजे. गाडी हलली की सगळ्या डब्यांना हात करून चहाला येतो आणि सुरू होतो, "या गावात आहे काय?"

या प्रश्नाला उत्तर देऊ नये. मी एकदा दिलं. म्हटलं, 1897 साली इथूनच बार्शीला अडीच फुटी रुळांवरून बार्शी लाइट धावली. तिचं वर्कशॉप अजून आहे, माथेरानच्या गाडीचे डबेसुद्धा दुरुस्तीला इथं येतात. तो म्हणाला, "डबे निदान परत तरी जातात!"

शेवटी थोरल्यानंच त्याला नेलं. सगळी आळी स्टेशनवर. कुणी शेंगाची चटणी बांधून दिली, कुणी भाकरी, आणि डावी खिडकी तर होतीच. आठवड्याच्या आत स्वारी परत. पाणी बरं होतं, सून चांगली, फ्लॅट हवेशीर. मग बिनसलं कुठं? बराच वेळ आढेवेढे घेऊन म्हणाला, "अकराव्या मजल्यापासून खालपर्यंत येतो आपण. लिफ्टमध्ये चार माणसं. 'काय, कुठं निघालात?' म्हणून एक विचारेल तर शपथ!"

आता त्याचं पुण्यावरचं मन उडालंय. पुण्यात राम राहिला नाही, नाशिकची हवा चांगली, असं तो फलाटावर पटवून देतो. गंगापूर रोडचे दर काढून झालेत. अडचण एकच, हुतात्मा नाशिकला जात नाही. ती तिकडं न्यावी म्हणून रेल्वेला अर्ज लिहिणं चालू आहे. खाली सह्या गावानं करायच्या आहेत.